ड्रीमकास्टला डायल टोन मिळेना, मदत हवी आहे

मंडळी, सेगाचा अमेरिकन ड्रीमकास्ट गेम कन्सोल आहे, सोबत फोन लाइनवरून इंटरनेटला जोडणारा मूळचा ५६के मोडेम. १९९९ साली घरगुती कन्सोलमध्ये मोडेम आधीच बसवून देणं केवढं धाडस होतं! त्यावर फॅन्टसी स्टार ऑनलाइन हा गेम पुन्हा खेळायचंय.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ड्रीमपाय (कन्सोलचा डायल-अप कॉल घेऊन त्याला इंटरनेटला जोडणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, त्याला यूएसबी मोडेम जोडलाय. पाय इंटरनेटवर नीट आहे, पण कन्सोल डायल करताना टोन नाही म्हणून थांबतो. केबल बदलून पाहिली. टेलिफोन एक्स्चेंजच्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट असतात, इथे ते देणारं कोणीच नाही, म्हणून संशय व्होल्टेजवर आहे.

९ व्होल्टची बॅटरी लाइनमध्ये कोणी जोडली आहे का? रेझिस्टर किती ओहमचा लावलात? मोडेम कोणता चालला, तेही कृपया सांगा.