मांडवी, रत्नागिरी, सोसायटी ग्रुप: आकाशातला तो दिवा कोणता?

बी-२०३: काल सव्वासातला गच्चीवरून एक पांढरा दिवा दिसला. वायव्येकडून आला, आग्नेयेकडे जाता जाता मध्येच नाहीसा झाला. ढग नव्हता, आवाज नव्हता. ड्रोन का? मुलं घाबरलीत.

ए-४०२: वहिनी, लुकलुकत होता की एकसारखा? आणि गेला कसा, फटकन की मंद होत?

बी-२०३: एकसारखा. पाच-सात सेकंदांत मंद होत गेला, शेवटी तांबूस.

ए-४०२: मग तो उपग्रह. एवढा ठळक म्हणजे बहुतेक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते साधारण ४२० किमी उंचीवरून ताशी २८,००० किमी वेगाने जातं. आपल्याला दिसतो तो त्याचा दिवा नव्हे, त्याच्यावर पडलेलं ऊन. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तिथे वर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की ते भर आकाशात मावळतं. म्हणून संध्याकाळी असे दिवे पूर्वेच्या अंगाला विझतात, आणि पहाटे पश्चिमेला समुद्रावर अचानक उमटतात. डोक्यावरचं स्थानक सूर्यास्तानंतर जेमतेम दीड तास दिसतं. मध्यरात्रीचा दिवा असेल तर दुसरं काही शोधा. दिवा विझेपर्यंत नजर काढू नका, निम्मी ओळख शेवटातच असते.

सी-१०१: वेगावरून मात्र ठरवू नका. ११ किमीवरचं विमान आणि स्थानक डोक्यावरून जवळपास सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. आवाजाचाही भरवसा नाही. तेवढ्या उंचीवरून तो खाली यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतो, आणि इथे लाटांची गाज असतेच. विमानाचे दिवे बघा: डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शिवाय लखलखणारा पांढरा. सरळ आपल्याकडे येणारं विमान लँडिंग लाइटमुळे बराच वेळ एका जागी टांगल्यासारखं दिसतं. वळलं की लाल-हिरवा उघड होतो.

डी-३०२: आणि ती दिव्यांची माळ? आगगाडीसारखी?

ए-४०२: स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्सचे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. नुकते सोडलेले उपग्रह एकामागोमाग असतात. पुढे पांगतात, आणखी वर जातात आणि फिके पडतात.

डी-३०२: आणि जळत, तुकडे होत गेलेलं?

ए-४०२: उल्का एक-दोन सेकंदांत संपते. मिनिटभर सावकाश, तुकडे मागे सोडत गेलं तर रॉकेटचा भाग वातावरणात परतलेला असतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलं ते तेच, चिनी रॉकेटचा टप्पा. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात त्याचं धातूचं कडं पडलं होतं.

सी-१०१: क्षितिजाला टेकलेले दिवे बहुतेक मासेमारीच्या बोटींचे. शुक्रही तिथेच हलल्यासारखा वाटतो. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की डोळाच फसतो. पाण्याच्या टाकीच्या कडेशी तो ठिपका जुळवून थोडा वेळ बघा. कडेपासून सरकला तरच तो चालतोय.

बी-२०३: फोटो काढला तर कळेल?

ए-४०२: हो, पण नाइट मोड नको. तो बारीकबारीक फोटो जोडतो, रेघ तुटक येते आणि उपग्रहाचं विमान होतं. प्रो मोड लावा: आयएसओ ८००, शटर १० सेकंद, फोकस अनंतावर, ३ सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबताना फोन हलतो. फोन कठड्यावर टेकवा. अखंड रेघ आली तर उपग्रह, ठिपक्यांची रांग आली तर विमान. डोक्यावरचं स्थानक १० सेकंदांत साधारण मूठभर सरकतं, म्हणजे हात ताठ धरून दिसणाऱ्या मुठीएवढं. आधी लेन्स ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. खाऱ्या हवेचा थर राहिला तर दिव्याभोवती वलय येतं.

सी-१०१: आणि हेवन्स-अबव्ह या उपग्रहांच्या वेळा सांगणाऱ्या वेबसाइटवर आपलं ठिकाण रत्नागिरी घाला. न घालता बघितलेल्या वेळा भलत्याच जागेच्या असतात.

बी-२०३: घातलं. आज संध्याकाळी गच्चीचा ट्यूबलाइट कोणी लावू नका.