बाराबंदीचा मुंढा

कुणीतरी विचारलं होतं की बाराबंदी (म्हणजे बंदांनी बांधायचा जुन्या पद्धतीचा सदरा) शिवली पण हात वर केला की अख्खी बाराबंदीच वर येते, माझी पहिली अगदी अश्शीच झालेली! कारण मी शर्टासारखा गोल मुंढा (बाही जोडायची काखेची कड) कापला होता. जुन्या अंगरख्या-बाराबंदीत बाही सरळ पट्टीच असते आणि काखेत वेगळा चौकोनी तुकडा तिरपा लावतात, हालचालीला सगळी ढिलाई तिथूनच मिळते, शिवाय असे सरळ तुकडे असले की कापडही फारसं वाया जात नाही. तो तुकडा आधी मांजरपाटावर (साध्या जाड्याभरड्या सुती कापडावर) लावून बघा, मी साधारण ४ इंचाचा घेते, कोपऱ्यावर मात्र मशीन नको, हातानेच उलटी टीप घाला नाहीतर तिथेच उसवतं (अनुभवाचे बोल).

अजून एक, मुघलकालीन चित्रं बघून शिवत असाल तर बंद कुठल्या बाजूला आहेत ते नीट बघा. हिंदूंचा जामा (लांब घेरदार अंगरखा) डावीकडे बांधलेला आणि मुस्लिमांचा उजवीकडे, म्हणजे घालणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला हं, आपल्या नाही. नेटवरचे फोटो कधीकधी उलटे छापलेले असतात, त्यात मी एकदा पार फसलेय.

प्रत्यक्ष बघायची असेल तर संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वरांच्या यात्रेला जा, नंदीध्वज (मिरवणुकीतले उंच सजवलेले खांब) धरणारे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतच असतात.