जिमनीला खालून स्किड प्लेट आणि बाजूला रॉक स्लायडर: अंगणात स्वतः बसवायचे की गॅरेजला द्यायचे?

सड्यावरची_जिमनी (धागाकर्ता):
मंडळी, मत हवंय, आणि भांडलात तरी चालेल. गाडी पाच दारांची जिमनी, मॅन्युअल, राहायला गोव्यात डिचोली. पाऊस सुरू झाला की आम्ही चार टाळकी सत्तरीकडे ओळखीच्यांच्या बागायतीतून वर सड्यावर (पठारावर) जातो, तिथला जांभा दगड कसा असतो माहीतच आहे, वरून हिरवंगार गवत आणि आत वस्तऱ्यासारख्या कडा. मागच्या खेपेला ट्रान्सफर केसच्या (चारी चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खालून असा आवाज आला की मागे बसलेली बायको म्हणाली उतरून बघ आधी. क्रॉस मेंबरला (चेचिसच्या आडव्या पट्टीला) खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण आता 4 मिमी स्टीलच्या प्लेटी (इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस असे तीन तुकडे) आणि दाराखालची बाजू दगडापासून वाचवणारे दोन दांडे, म्हणजे स्लायडर, घ्यायचं पक्कं केलंय. किट बोल्ट-ऑन आहे, म्हणजे चेचिसला कंपनीने दिलेल्या भोकांतच बसतं. गॅरेजवाला जी मजुरी सांगतोय तेवढ्यात एक बरा टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आणि जॅक स्टँडची जोडी येते. म्हणून माझं मत घरीच. नुसतं "रिस्क आहे" लिहून पळू नका, कारण सांगा.

फोंड्याचा_पाना:
घरीच बसव, डोळे मिटून. मजुरी वाचते म्हणून म्हणत नाहीये, ती काय एकदाच जाते. प्लेट एकदा लावली आणि सुटलो असं आपल्याकडे होत नाही, इथे 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, प्लेट आणि चेचिसच्या मध्ये तो तांबडा चिखल जाऊन बसतो, त्यात पानं, काटक्या, सुपारीच्या झावळ्यांचे तुकडे, आणि ते सगळं महिनोन्महिने ओलं राहतं, वर खारी हवा. नुसत्या प्रेशर वॉशने ते निघत नाही, प्लेट उतरवायलाच लागते. ऑइल बदलायचं तर प्लेटमधलं ऑइल सोडायचं भोक नीट जागेवर नसेल तेव्हाही उतरवा. प्रत्येक वेळी गॅरेजला जाणार आहेस का, आणि चवथीच्या आधी तुला मेकॅनिक कोण देणार? ज्याने स्वतः लावली तोच न कुरकुरता काढतो. आणखी एक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सड्यावरचं गवत वाळतं ते प्लेटवर साठतं आणि शेजारी सायलेन्सर तापलेला असतो. आग लागायला वेगळं काही लागत नाही. गाडीखाली जायची सवयच नसेल तर हे दिसणार कुणाला?

आटे_गेले:
वाचायला झकास. आता प्रत्यक्ष काय होतं ते ऐका. चेचिसची पट्टी आतून पोकळ, नट आत वेल्ड केलेला, तो ना दिसत ना हाताला लागत. दोन पावसाळे खाल्लेल्या गाडीत त्या नटाच्या आट्यांत चिखल आणि गंज. माणूस बोल्ट घालतो, थोडा जड जातो, याला वाटतं घट्ट बसतोय, मग लांब पाना लावून जोर देतो आणि कट्. आतल्या नटाचं वेल्ड सुटलं. आता बोल्ट नुसता गरागरा फिरतो, पुढे जात नाही की मागे येत नाही. शेजाऱ्याच्या गाडीला हे झालेलं बघितलंय, रविवार दुपार, अर्धी प्लेट लोंबकळतेय, गाडी स्टँडवर, आणि फोन कोणी उचलत नाही. शेवटी बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवून चेचिसला बाजूने खिडकी पाडावी लागली. वाचलेली मजुरी गेली, वर नव्या गाडीच्या चेचिसला भोक. असल्या कामाला रोज करणारा हात लागतो, यूट्यूब बघितलेला नाही.

सड्यावरची_जिमनी:
@आटे_गेले पण हेच गॅरेजचा पोऱ्या इम्पॅक्ट गनने करणार नाही कशावरून? त्याला तर बोल्ट जड जातोय हे कळणारही नाही, ट्रिगर दाबला की झालं.

आटे_गेले:
करेल. पण मग निस्तरायचं त्याने, लिफ्ट त्याच्याकडे, टॅपचा (आटे साफ करायच्या हत्याराचा) सेट त्याच्याकडे. तू अंगणात पाठीवर झोपून, तोंडावर चिखल पडतोय आणि छातीवर प्लेट. हिशेब कर, 60 बाय 80 सेंटीमीटरची 4 मिमी स्टील प्लेट साधारण 15 किलो भरते. एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्याने बोल्ट शोधायचा?

फोंड्याचा_पाना:
15 किलोची प्लेट कुणी हाताने धरत नाही हो, खाली ट्रॉली जॅक आणि फळी ठेवतात, दुसरा माणूस असतोच. आणि आटे जाऊ नयेत त्याचाही इलाज आहे, फक्त घाई नको. आदल्या दिवशी सगळ्या भोकांत पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी टॅप फिरवून आटे साफ करायचे. मग प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी, दोन-तीन आटे तरी बोटांनीच गेला पाहिजे, नाही गेला तर पाना उचलायचाच नाही. सगळे बोल्ट सैल लागल्यावर प्लेट हलवून जागेवर आणायची आणि शेवटी टॉर्क. किटच्या कागदावर आकडा असेल तो धरायचा, नसेल तर 8.8 ग्रेडच्या (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम8 ला, म्हणजे 8 मिमीच्या बोल्टला, साधारण 25 न्यूटन मीटर आणि एम10 ला 45-50, पण अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचं ग्रीस) लावलं असेल तर त्याहून कमी, नाहीतर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. शंभरेक किलोमीटर झाले की परत तपासायचं. यात कुठली डिग्री लागते?

दगड_चुकवा:
मुळात लागतंय कशाला हे कोणी विचारेना. जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल (दोन चाकं जोडणारा एकसंध दांडा), डिफचे (डिफरेन्शियलचे, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचे) गोळे अॅक्सलवर, आणि सगळ्यात खाली लोंबतात तेच. दगड आधी त्यांना लागणार. चेचिसला लावलेली प्लेट तिथे काय करणार, अॅक्सल तर स्प्रिंगवर स्वतंत्र वर-खाली होतो. थारची गोष्ट वेगळी, तिचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट (प्रत्येक चाक वेगळं हलतं), पुढचा डिफ चेचिसलाच धरलेला, तिथे पुढची प्लेट त्यालाही झाकते. लोक थारवाल्याचं बघून जिमनीला तेच करतात. आणि वजन बघा. जिमनी साधारण 1200 किलो, ग्रॉस 1545, म्हणजे माणसं-सामान सगळं धरून साडेतीनशेच्या आत. त्यात तीन प्लेटी आणि दोन स्लायडर म्हणजे एक धडधाकट पाहुणा कायमचा गाडीत. डिफखालचा 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स तेवढाच राहणार, पण स्प्रिंग दबली की चेचिस आणि प्लेटी दगडाच्या आणखी जवळ येणार. त्यापेक्षा बरे ए.टी. (ऑल-टेरेन) टायर घ्या, हवा थोडी कमी करा, आणि एका माणसाने उतरून पुढे चालावं. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या गाड्या सीझनभर पाण्यातून दगडांतून जातात, त्यांच्या खाली मला तरी कधी पावडर कोटिंगच्या प्लेटी दिसल्या नाहीत.

सड्यावरची_जिमनी:
कुळ्याच्या ड्रायव्हरला तो एकच रस्ता तोंडपाठ आहे, कुठला दगड कुठे ते झोपेत सांगेल. मला नाही. पण डिफचा मुद्दा खरा, तो माझ्या डोक्यात नव्हता, किटवाल्यानेही काढला नाही.

कायद्याचं_बोला:
मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलंय का कुणी? नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. कलम 182अ मध्ये प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बुल बारवर (गाडीच्या तोंडाला लावायचा लोखंडी दांडा) तर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं, कारण धडक बसली की समोरचा पादचारी मरतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडतं. उद्या इंजिनचं काही झालं तर सर्व्हिस सेंटर तुझ्या प्लेटकडे बोट दाखवणार, इन्शुरन्सवाला विचारणार कळवलं होतं का. गॅरेजचं बिल तरी हातात असू दे.

फोंड्याचा_पाना:
बुल बार कुणी मागितलाच नाही इथे. प्लेट गाडीच्या बाहेर इंचभरही येत नाही, बोल्ट काढला की गाडी होती तशी. स्लायडर बाहेर येतात, तिथे तुमचं ऐकतो. इन्शुरन्सला कळवावं हे मान्य. पण गॅरेजचं बिल दाखवून कलम 52 सुटतं हे कुणी सांगितलं? बदल कोणी केला यावर तिथे काही नाही, गाडी कुणाची यावर आहे.

कुंडईचा_वेल्डर:
मी रोज हेच करतो, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. गिऱ्हाईक जाईल तरी सांगतो, प्लेटी घरी लावा, स्लायडर लावू नका. प्लेटला दगडाचा मार बसतो तो बहुतेक घासत जातो, स्लायडरवर मात्र अख्खी गाडी टेकते, कोणी त्याच्याखाली हाय-लिफ्ट जॅकही लावतो. तो चेचिसलाच धरला पाहिजे, दाराखालच्या पत्र्याला टेकताही कामा नये, कारण जिमनीची बॉडी चेचिसवर रबरांवर बसलेली असते, दोन्ही वेगवेगळ्या हलतात, मध्ये फट ठेवावीच लागते. किटचा ब्रॅकेट बसला नाही की लोक काय करतात, ड्रिल घेतात. चेचिसच्या आतल्या अंगाने ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाइप जातो बाबांनो. नाहीतर माझ्यासारख्याला म्हणतात दोन टाके मारून दे. वेल्डिंगने चेचिसच्या आतला रंग जळतो, तिथे परत ब्रश पोचत नाही, आणि आपल्या हवेत गंज आतून सुरू होतो तो बाहेर दिसेपर्यंत काही कळत नाही. मी वेल्डर असून चेचिसला वेल्ड मारायला तयार नसतो, ब्रॅकेट बदलून बोल्टवर घेतो.
बाकी ती अॅल्युमिनियमची प्लेट हलकी म्हणून घेणार असाल तर स्टीलच्या बोल्टशी तिचं खाऱ्या हवेत पटत नाही, पांढरी भुकटी धरते, मध्ये नायलॉनचा वायसर घाला. आणि जांभ्यावर अॅल्युमिनियम अडकतं, स्टील घसरून जातं. 4 मिमी स्टील ठीकच आहे.

दगड_चुकवा:
वेल्डरदादांशी वाद नाही. पण हे सगळं घालून जाणार कुठे? अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, खाणीचे रस्ते लीजवाल्यांचे, किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस केस, तरी दरवर्षी कुणीतरी पर्यटक भाड्याची थार वाळूत रुतवतोच. उरला ओळखीच्यांचा सडा. तेवढ्यासाठी पाहुणा पोसायचा?

सड्यावरची_जिमनी:
सडाच पुरेसा आहे हो, गाडी घेतली कशाला मग. असं करतो, ट्रान्सफर केसची आणि इंजिनची प्लेट घेतो, गिअरबॉक्सची सध्या नको, या दोन अंगणात लावतो, भावाला बोलावतो. स्लायडर कुंडईला.

आटे_गेले:
अंगण फरशीचं आहे ना? मातीत जॅक स्टँड लावशील तर एका बाजूने खचेल. मातीच असेल तर खाली जाड प्लायचा तुकडा घाल, आणि गाडी स्टँडवर ठेवल्यावर खाली शिरायच्या आधी तिला जोरात ढकलून बघ. माझं मत बदललेलं नाही.

कायद्याचं_बोला:
इन्शुरन्सला ईमेल आधी. फोनवर सांगितलं हे नंतर चालत नाही.

दगड_चुकवा:
आणि डिफ गार्ड?

सड्यावरची_जिमनी:
ते पुढच्या पगाराला.