ऑफिसातले तयार मीटिंग बूथ आणि आगीची सुरक्षा : ऑर्डर देण्याआधी मदत हवी आहे

नवा_मजला

खुल्या ऑफिसात तयार मीटिंग बूथ ठेवायचे आहेत. ऑर्डर अजून दिलेली नाही.

एकट्यासाठीचे फोन बूथ ६, प्रत्येकी १ मी × १ मी. चौघांचे बूथ २, प्रत्येकी २.२ मी × १.६ मी. सगळ्यांची उंची २.३ मी. फॉल्स सीलिंग जमिनीपासून २.७५ मीटरवर. सीलिंगला लाल बल्बचे ६८ अंशांचे स्प्रिंकलर, धुराचे डिटेक्टर आणि भिंतींवर हूटर आहेत. बूथना बंद छत, छतात पंखे, पुढे काचेचं दार आणि आतून फेल्ट. जागा वाचावी म्हणून फोन बूथ तीन-तीनच्या दोन रांगांत पाठीला पाठ लावायचा विचार आहे.

विक्रेता म्हणतो, हे फर्निचर आहे, खोली नाही, त्यामुळे आगीचे नियम लागत नाहीत, आणि आतलं फेल्ट फायर रेटेड आहे. इमारतीच्या फायर कन्सल्टंटला हे पटलेलं नाही. त्याने ले-आउट परत पाठवला, पण नेमकं काय बदलायचं ते लिहिलं नाही.

१. बूथच्या आत स्प्रिंकलर लागतो का?
२. दार बंद असताना हूटर ऐकू येईल का?
३. 'फायर रेटेड' म्हणजे नेमकं काय बघायचं?

पाइपवाला

फर्निचर की खोली हा वाद घालू नका. भिंती, दार आणि बंद छत असलं की वरच्या स्प्रिंकलरसाठी तो आडोसाच. पाणी आत जाणार नाही आणि आतली उष्णता वरच्या बल्बला उशिरा लागेल. खालचे आकडे एनएफपीए १३ चे, म्हणजे स्प्रिंकलरच्या अमेरिकन संहितेचे आहेत. तुमच्याकडे दुसरी संहिता लागू असेल तर आकडे बदलतील, कारणं तीच राहतील.

आधी उंची. २.७५ मधून २.३ वजा केले की ४५ सेंमी उरतात आणि सगळे खूश होतात. पण हे अंतर सीलिंगपासून मोजत नाहीत, स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरपासून मोजतात. डिफ्लेक्टर म्हणजे खालची दातेरी चकती. ती सीलिंगच्या चार-पाच सेंमी खाली असते, म्हणजे तुमच्याकडे ४० सेंमीच उरतात. लागतात किमान ४५७ मिमी. पाणी चकतीवर आपटून छत्रीसारखं पसरतं आणि पसरायला तेवढी उंची हवी. त्याआधीच बूथचं छत लागलं तर बूथ भिजतो आणि त्याच्या पलीकडची जमीन कोरडी राहते.

म्हणजे तुमच्या सीलिंगखाली बूथ फार तर २.२४ मीटरचा चालेल. २.२ चा मागवा. ही उंची पंख्याच्या झाकणापर्यंतची धरा आणि लेव्हलिंगचे पाय पूर्ण बाहेर काढून मोजा. कॅटलॉगमधली उंची बहुधा पाय आत असतानाची असते, आणि छतावरचा पंखा त्यात कित्येकदा धरलेलाच नसतो.

मग रुंदी. १.२ मीटरपेक्षा रुंद स्थिर अडथळ्याखाली वेगळा स्प्रिंकलर लागतो. एकटा फोन बूथ १ मीटरचा, तो यातून सुटतो. शिवाय २०२२ च्या आवृत्तीत लहान, तात्पुरत्या वापराच्या, एकेकट्या बंदिस्त जागांना सूट आहे : क्षेत्रफळ २४ चौ. फूट, म्हणजे साधारण २.२ चौ. मी. पर्यंत, आणि आत सामान साठवायचं नाही. तुमचा फोन बूथ १ चौ. मी., बसतो. चौघांचा ३.५ चौ. मी., नाही बसत.

पाठीला पाठ लावायचं मात्र विसरा. सहा बूथ मिळून २ मी × ३ मी चा एकच ठोकळा होतो आणि 'एकेकटे' हा शब्द गळून पडतो. भिंतीलगत एका रांगेत, पण एकमेकांना न चिकटवता लावा, किंवा मजल्यावर विखरून ठेवा.

चौघांच्या बूथसाठी दोनच वाटा उरतात. एक, जाळीचं छत : उघडा भाग ७० टक्के, प्रत्येक फट किमान ६.४ मिमी, आणि पट्टीची जाडी फटीच्या रुंदीपेक्षा जास्त नको, नाहीतर पाणी पट्ट्यांतच अडतं. डिफ्लेक्टरपासूनचे ४५७ मिमी इथेही राखायचे. जाळीच्या छताने आवाजाची बंदिस्ती जवळजवळ संपते, हे आधीच कबूल करून घ्या. दोन, बूथच्या छतात स्प्रिंकलर : वरच्या लाइनवरून लवचीक होज खाली घ्यायचा. तो बल्ब सध्याच्या डिझाइनमध्ये धरलेला नसतो, म्हणून हायड्रॉलिक हिशेब, म्हणजे पाण्याच्या दाबाचा आणि प्रवाहाचा, पुन्हा करून घ्यावा लागतो. काम करताना त्या भागाचा पाणीपुरवठा बंद करून लाइन रिकामी करावी लागते, संपल्यावर दाब चाचणी. आणि होज जोडला की बूथ जमिनीला पक्का करावा लागतो. कोणी तो दोन फूट सरकवला तर ओढ सगळी फिटिंगवर येते.

सुतारपक्षी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. 'फायर रेटेड' हा शब्द सर्टिफिकेटवर शोधू नका, वर्ग शोधा. युरोपियन पद्धतीत ईएन १३५०१-१ खाली ए१ पासून एफपर्यंत वर्ग असतात. त्यापुढे एस म्हणजे धूर आणि डी म्हणजे जळते थेंब. बी-एस१,डी० लिहिलं असेल तर आगीला फार कमी हातभार, धूर कमी, थेंब नाहीत. अमेरिकन पद्धतीत एएसटीएम ई८४ चा क्लास ए : ज्वाळा पसरण्याचा अंक २५ पर्यंत, धुराचा ४५० पर्यंत. दुसरा आकडा बघा आणि मग ठरवा. क्लास ए असूनही धूर भरपूर निघू शकतो, आणि दोन घनमीटरच्या खोक्यात माणसाला धूरच आधी गाठतो.

बूथच्या कागदांत हमखास निघणाऱ्या त्रुटी :

सर्टिफिकेट फक्त फेल्टचं असतं. हा वर्ग ज्या जाडीवर, मागे जो बोर्ड लावून, जितकी पोकळी सोडून चाचणी झाली तेवढ्यापुरताच खरा. ९ मिमी फेल्ट जिप्सम बोर्डावर चिकटवून बी मिळालं आणि प्रत्यक्षात तेच फेल्ट पोकळी सोडून एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या बोर्डावर लावलं, तर त्या कागदाला अर्थ नाही. साधा एमडीएफ स्वतः डी-एस२,डी० मध्ये येतो. गोंदही विचारा, कारण तो चाचणीच्या नमुन्याचाच भाग असतो.

फेल्ट बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं असतं. ते २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून थेंबांचा वर्ग डी० हवाच. छताला लावलेल्या फेल्टबाबत तर अजिबात सवलत देऊ नका.

भिंतीच्या आत काय भरलंय? ग्लास वूल किंवा रॉक वूल असेल तर काळजी नाही. साधा पॉलियुरेथेन फोम असेल तर घेऊ नका. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. बाकाच्या गादीची चाचणी वेगळी, ईएन १०२१ चे भाग १ आणि २ : पहिला धुमसत्या सिगारेटचा, दुसरा काडीपेटीच्या ज्योतीएवढ्या ज्वाळेचा. गादीचा कागद भिंतीसाठी दाखवतात, तो परत करा.

दाराला कुलूप नको, कडी नको, दार बाहेर उघडणारं हवं. बूथ विकणाऱ्यांकडे 'प्रायव्हसी लॉक' जादा पैसे घेऊन मिळतं. ते न घेतल्याने पैसेही वाचतात.

धूरकेतू

हूटरचा हिशेब करून बघू. बूथ आवाज किती अडवतो हे मोजणाऱ्या आयएसओ २३३५१-१ नुसार ए वर्गाचा बूथ बोलण्याचा आवाज ३० ते ३३ डेसिबलने कमी करतो. बाहेर हूटरचा आवाज ७५ डेसिबल असेल तर आत साधारण ४५ उरतील. फायर अलार्मच्या ब्रिटिश मानकाला, बीएस ५८३९-१ ला, सर्वसाधारणपणे ६५ लागतात, ६० चौ. मी. पर्यंतच्या लहान बंद जागेत ६० चालतात. दोन्हीपैकी काहीच जमत नाही. बूथ जितका भारी, हूटर तितका मुका.

३० हा आकडा बोलण्याच्या पट्टीचा आणि आतून बाहेर मोजलेला आहे. हूटरच्या सुरासाठी तो पाच-सात डेसिबलने इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून अंदाजावर भागवू नका. नमुन्याचा एक बूथ आणायला सांगा. दार बंद, पंखा चालू, बसलेल्याच्या कानाच्या उंचीला, म्हणजे १.२ मीटरवर आवाज मोजायच्या क्लास २ च्या मीटरने मोजा. फोनमधलं ॲप नको.

बाहेरचे हूटर वाढवून हे सुटत नाही. २० डेसिबल वाढवायचे तर बाहेरच्यांचे कान बसतील. बूथच्या आतच छोटा साउंडर द्या, आणि सोबत चमकणारा दिवा, ईएन ५४-२३ चा. बूथमधला माणूस हेडफोन घालून बसलेला असतो, निदान त्याच्यासाठी दिवा हवाच. त्या मानकात उजेडाच्या दिशेला काटकोनात असलेल्या पृष्ठभागावर ०.४ लक्स उजेड पोचणं अपेक्षित आहे. बाहेरच्या दिव्याचा उजेड काचेतून येईल ही आशा ठेवू नका, बहुतेक बूथमध्ये माणूस काचेकडे पाठ करून बसतो.

पंख्याकडे कोणी बघत नाही. फोन बूथमध्ये साधारण २ घनमीटर हवा असते. तासाला ९० घनमीटर फेकणारा पंखा ती दर ८० सेकंदांनी बदलतो. आग बाहेर असेल तर हाच पंखा बाहेरचा धूर ओढून आतल्या माणसावर सोडतो. आग आत असेल तर तो धूर पातळ करून छतावर फेकतो आणि डिटेक्टरला जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून आत धुराचा डिटेक्टर आणि अलार्म होताच पंखा बंद. फायर अलार्मच्या पॅनेलच्या आउटपुट मॉड्यूलवरून बूथच्या वीजपुरवठ्यात रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच घ्या. रिले नेहमी ओढलेला, म्हणजे पंखा चालू ठेवणारा असावा, आणि अलार्मचा सिग्नल आला किंवा वायर तुटली की सुटावा. उलटं जोडलं तर तुटलेली वायर आगीच्या दिवशीच कळते.

डिटेक्टर छताच्या मध्याजवळ, हवा आत येणाऱ्या झरोक्यापासून जमेल तितका लांब. एक मीटर दूर ठेवायचा नियम एवढ्या बूथमध्ये पाळता येत नाही, म्हणून तो हवा बाहेर जाणाऱ्या बाजूला सरकवा. बाहेरचे सीलिंगचे डिटेक्टरही तपासा : त्यांच्या खाली सगळीकडून ५०० मिमी मोकळी जागा हवी. २.२ च्या बूथवर ५५० उरतात, त्यातून डिटेक्टरची स्वतःची उंची गेली की हिशेब अगदी काठावर येतो. डिटेक्टरच्या बरोबर खाली बूथ येणार नाही असा ले-आउट करा.

नवा_मजला

उंची २.२ करून घेतो आणि पाठीला पाठ रद्द. तीन शंका. साउंडर आणि डिटेक्टर आत दिले की बूथ हलवायचा कसा? प्रत्येक बूथमध्ये छोटं अग्निशामक ठेवलं तर सूट मिळेल का? आणि दाराखाली फट ठेवली तर हूटर ऐकू येईल का?

पाइपवाला

अग्निशामकाने कुठलीही सूट मिळत नाही. आतल्या माणसाचं काम दार उघडून बाहेर पडणं. एक मीटरच्या डब्यात उभं राहून विझवायला लागला तर पावडरीने आधी तोच गुदमरेल. मजल्यावरची अग्निशामकं आहेत तिथेच असू देत. फक्त बूथने ती, हूटरचं बटण आणि एक्झिटची पाटी झाकली जात नाही ना ते बघा. २.२ मीटरच्या बूथमागे पाटी सहज लपते, आणि ले-आउट वरून काढलेला असल्यामुळे कागदावर ते दिसत नाही. मजल्यावर उभं राहून, खुर्चीत बसून, दोन्हीकडून बघा.

सुतारपक्षी

फटीने आवाजाचा वर्ग पडेल आणि तरी ६० डेसिबल मिळतील याची खात्री नाही. दोन्ही बाजूंनी तोटा.

विजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात : बूथला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. एका बूथच्या सॉकेटमधून दुसऱ्याला एक्स्टेन्शन अजिबात नको. एलईडीचा ड्रायव्हर आणि पंख्याचा अडॅप्टर बहुधा छतावर उघडे पडलेले असतात, त्यावर धूळ साठते, आणि कोणी तिथे खोके ठेवले तर उष्णता कोंडते. शिवाय ४५७ मिमी त्याच दिवशी संपतात. छतावर सामान ठेवू नये अशी पाटी बूथच्या कडेला लावा, आत लावलेली पाटी खोके ठेवणाऱ्याला दिसत नाही. ई-स्कूटरच्या बॅटऱ्या आत चार्ज करू देऊ नका.

धूरकेतू

हलवण्याचं : उपकरण तारेच्या लूपवर, म्हणजे सगळी उपकरणं पॅनेलला जोडणाऱ्या साखळीवर असेल तर प्लग काढताच पॅनेलवर उपकरण हरवल्याची फॉल्ट येते. ती येणं योग्यच आहे, फक्त आधी देखभालवाल्याला कळवायचं. लूपवर दोन्ही बाजूंना आयसोलेटर, म्हणजे बिघडलेला तुकडा वेगळा करणारे स्विच ठेवा, म्हणजे त्या तुकड्यातल्या शॉर्टने बाकीचा मजला आंधळा होणार नाही. बूथ वारंवार हलणार असतील तर रेडिओवर चालणारी उपकरणं बघा, ईएन ५४-२५ ची. तार वाचते, पण बॅटऱ्या बदलण्याचं वेळापत्रक लागतं आणि जाड भिंतीच्या बूथमध्ये सिग्नलची ताकद दार बंद करून तपासावी लागते.

कुठल्याही पद्धतीत प्रत्येक बूथला पॅनेलवर वेगळं नाव द्या : 'फोन बूथ ४, खिडकीकडची रांग'. बूथ हलवला की नावही त्याच दिवशी बदला. नुसतं 'झोन २' दिसलं तर शोधणारा सगळी दारं उघडत फिरतो.

नवा_मजला

विक्रेत्याकडून भिंतीच्या पूर्ण थराचं सर्टिफिकेट आणि नमुन्याचा बूथ मागवला आहे. चौघांच्या बूथना जाळीचं छत घेतलं तर आतल्या साउंडरची गरज उरते का?

धूरकेतू

मोजून ठरवा. जाळीतून बाहेरचा हूटर पुरेसा आत येण्याची शक्यता बरीच आहे. ६० च्या वर आले तर साउंडर सोडा, दिवा ठेवा. पंखा मात्र जाळीच्या छताला लागतच नाही, तो ऑर्डरमधूनच काढून टाका.