निक पॅट्रिक आणि ती तीनची मोजणी

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत (रेसलिंग) निकाल आधीच ठरलेला असल्याने पंच केवळ शोभेपुरता असतो, हे मत मला पटत नाही. जोडी हॅमिल्टन या नामवंत मल्लाचे पुत्र निक पॅट्रिक स्वतः कुस्त्या खेळून पुढे पंच झाले आणि १९९६मध्ये ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ या कुस्ती कंपनीने त्यांना ‘एनडब्ल्यूओ’ या खलनायकी टोळीचे पक्षपाती पंच म्हणून उभे केले. डिसेंबर १९९७च्या ‘स्टारकेड’ या कार्यक्रमात ‘एनडब्ल्यूओ’च्या हल्क होगनने कथेचा नायक स्टिंगला दाबून धरले, तेव्हा पॅट्रिक यांनी झटपट तीन मोजून (तीन मोजले की दाबलेला मल्ल हरतो) लबाडी करावी असे कथानक होते, प्रत्यक्षात त्यांचा तळहात नेहमीच्याच संथ लयीत आपटला. मग मल्ल ब्रेट हार्टने मध्ये पडून लढत पुन्हा सुरू करवली, तेव्हा मोजणीत लबाडी दिसलीच नसल्याने ती प्रेक्षकांना (रास्तपणे!) अनाकलनीय वाटली आणि वर्षभर तापवत आणलेली स्टिंगची कथा फिकी पडली. २००१मध्ये कंपनी विकली गेल्यावर ती विकत घेणाऱ्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’नेही त्यांना आरंभी पक्षपाती पंचाचीच भूमिका दिली.