सारख्या खोल्या आणि उंदराचा नकाशा

नवी मुंबईच्या एकसारख्या सेक्टरांत नवखा माणूस वाट का चुकतो, यावर ‘मेंदूतला जीपीएस बिघडतो’ असं एक उत्तर दिलं जातं. त्यात थोडी भर. जीपीएसला उपग्रहाचा संकेत लागतो. मेंदू बराचसा हिशेब स्वतःच्या हालचालींवरून करतो, म्हणून चूक साचत जाते. ती पुसायला भिंत, कडा किंवा ओळखीची खूण लागते.

आता सारखेपणाचं. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातली स्थान-पेशी (शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांचा शोध, १९७१) उंदीर ठरावीक जागी आला की सक्रिय होते. पण चार हुबेहूब कप्पे एका ओळीत, दारं एकाच बाजूला असे मांडले, तर तीच पेशी बहुतेकदा प्रत्येक कप्प्यात त्याच जागी सक्रिय होते. कप्पा कुठला, हे तिच्यावरून कळतच नाही! तेच कप्पे एकमेकांशी ६० अंशांचा कोन करून मांडले की गोंधळ बराच कमी होतो, कारण डोक्याची दिशा नोंदवणाऱ्या पेशी प्रत्येक कप्प्यात वेगळी दिशा सांगतात.

हिप्पोकॅम्पसशेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागात जाळी-पेशी असतात (शास्त्रज्ञ मोझर दांपत्याच्या टीमचा शोध, २००५). अशी प्रत्येक पेशी एका नव्हे, तर जाळीच्या गाठींसारख्या समान अंतरावरच्या अनेक जागी सक्रिय होते. या पेशी बोळाने जोडलेल्या दोन सारख्या खोल्यांत आधी तोच नमुना गिरवतात. सरावाने मात्र दोन्हींवर मिळून एकच सलग जाळी पसरते.

उंदरावरून थेट माणसावर उडी जपूनच मारावी. तरी बेलापुरात पाहुण्याला ‘तिसरी बिल्डिंग’ सांगण्यापेक्षा पारसिकचा डोंगर कुठल्या हाताला ठेवायचा ते सांगा. दुकानाची पाटी नको, ती बदलते.