चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीपलीकडे वायफाय कसं न्यावं?

नंदगडची_वाट
खानापूर तालुक्यातलं जुनं कौलारू घर, भिंती चिऱ्याच्या. फायबरचा डबा सोप्यात आहे, तिथं ९० एमबीपीएस मिळतं. माजघरामागच्या खोलीत जेमतेम ४. मुलीचा ऑनलाइन क्लास त्याच खोलीत असतो. तिथं रिपीटर लावला, मोबाइलवर कांड्या पूर्ण दिसतात, तरी व्हिडिओ अडकतोच. पावसाळ्यात आणखी बेकार. जास्त अँटेनाचा राऊटर घ्यावा काय? परड्यातल्या गोठ्यावर, ३५ मीटरवर, कॅमेराही लावायचा आहे.

टिळकवाडी_केबल
नवा राऊटर घेऊ नका. राऊटरचा आवाज कितीही मोठा केला तरी मोबाइलनं परत ओ द्यायला पाहिजे, आणि मोबाइलचा आवाज बारीकच असतो. चिरा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो. ओली भिंत लहरी जास्त खाते. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड तर दोन भिंतींतच संपतो.

रिपीटर चुकीच्या जागी आहे. त्या कांड्या मोबाइल ते रिपीटर अंतराच्या. रिपीटरला सोप्यातून काय मिळतंय, ते त्या सांगत नाहीत. शिवाय तो एकाच बँडवर घेतो आणि देतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो.

मागं वायरच न्या. कॅट-६ नेटवर्क केबल, शुद्ध तांब्याची. दुकानातच तारेचं टोक ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. ती लवकर तुटते. चिरा फोडत बसू नका, भिंतीच्या माथ्यावरून कौलाखालून काढा, पण २० मिमी पीव्हीसी पाइपातूनच, नाहीतर उंदीर कुरतडतात. लाइटच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवा, ओलांडायची झाली तर काटकोनात.

मागं कुठलाही जुना राऊटर चालेल. आधी तो एकटाच लॅपटॉपला जोडा. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी (मोबाइल-टीव्हीला आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा. वायर डब्याच्या लॅनमधून (घरातली यंत्रं जोडायचा पोर्ट) याच्या लॅनमध्येच घाला, वॅनमध्ये (बाहेरून नेट घ्यायचा पोर्ट) नाही. वॅनमध्ये घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात, मग मागचा मोबाइल आणि सोप्यातला टीव्ही एकमेकांना दिसत नाहीत. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघंही पत्ते वाटतात. काही मोबाइलना नेटकडे जायचा चुकीचा दरवाजा (गेटवे) मिळतो, वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट नसतं.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. २.४ गिगाहर्ट्झवर पुढं चॅनेल १, मागं ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

निपाणी_क्रिंपिंग
वरचं सगळं बरोबर. वायरीच्या टोकांना कनेक्टर मारताना तारांच्या रंगांचा क्रम सांभाळा: क्लिप खाली, सोनेरी पिना वर, डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि वरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत गेलंच पाहिजे. ओढ तिथंच बसते.

मग लॅपटॉप वायरीला लावून लिंकचा वेग बघा. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) असून १०० दिसलं, तर बहुतेक निळी किंवा तपकिरी जोडी बसलेली नाही, कारण १०० ला दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. आज तुमच्या ९० च्या प्लॅनला १०० पुरेल, पण सैल तार पुढं दगा देते. टोक कापून परत मारा.

नंदगडची_वाट
डब्याला चार पोर्ट आहेत. वायर कुठल्यात घालू? आणि तीच वायर पुढं गोठ्यापर्यंत नेली तर?

टिळकवाडी_केबल
काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो. जीई (गिगाबिट इथरनेट) लिहिलेला असेल तो वापरा.

गोठ्यापर्यंत तांब्याची वायर अजिबात नको, ताई. ३५ मीटर अंतर बसतं, मर्यादा १०० ची आहे. भीती विजेची. वळवात जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या तारेत दाब चढतो, पोर्ट जळतात, कधी डबाही जातो. आधी मागच्या राऊटरला गोठ्याकडच्या खिडकीत ठेवून २.४ वर कॅमेरा लावून बघा, मधे भिंत नसेल तर बहुधा पोचतं. नाहीच पोचलं तर दोन मीडिया कन्व्हर्टर (वायरीतला सिग्नल फायबरसाठी बदलणारी यंत्रं) आणि मधे धातूची तार नसलेली सिंगल मोड फायबर. काचेतून वीज येत नाही. गोठ्यातला लाइटचा पॉइंट मात्र अर्थिंगचा असू द्या.

निपाणी_क्रिंपिंग
लाइट गेली तरी क्लास चालायचा असेल तर डबा आणि मागचा राऊटर, दोन्हींना छोटा डीसी यूपीएस (बॅटरी बॅकअप) लागेल. दोघांच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. एक १२ चा आणि दुसरा ९ चा निघाला तर दोन्ही व्होल्टचे वेगळे आउटपुट असलेला यूपीएस घ्या. ९ च्या राऊटरला १२ दिले तर तो जळू शकतो. यूपीएसचे अँपिअर ॲडॉप्टरपेक्षा कमी नकोत. पिनची जाडीही जुळवून बघा, सैल बसली की राऊटर सारखा रीस्टार्ट होतो.